तरुण सभेला का येत नाहीत

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर कधीच नसतो आणि सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. मागचं इतिवृत्त मंजूर होतं, जमाखर्चाला कुणीतरी अनुमोदन देतं, आणि मग मागच्या रांगेतून खाकरल्याचा आवाज येतो. "तरुण मंडळी कुठे दिसत नाहीत ती?" एवढं म्हणायचा अवकाश, पेंगुळलेली सभा जागी होते. मुलं वाचत नाहीत. दोन पानं सलग वाचायचा धीर नाही. मान वर करत नाहीत. कष्ट नकोत, बांधिलकी नको, सगळं आयतं हवं. समाज कुठे चाललाय याचं उत्तर सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि दोषी माणसं नेमकी सभागृहाबाहेर असतात.

गेल्या वर्षी इतिवृत्त लिहायला मी बसलो होतो. उपस्थिती ३७, बहुतेक साठीच्या पुढचे. मी ५८ चा, म्हणजे त्यांच्यात कोवळाच. लिहिता लिहिता समोर पडलेल्या सूचनापत्रावर नजर गेली. सभा बुधवारी, सकाळी ११ वाजता. वाचनालय १० ते ५, रविवारी बंद. नव्या सभासदाच्या अर्जावर दोन जुन्या सभासदांची शिफारस आवश्यक. ज्याला नोकरी आहे किंवा कॉलेज आहे आणि ज्याच्या ओळखीचं इथे कुणी नाही, अशा माणसाने आत पाऊल टाकू नये म्हणून ठरवून नियम केले असते तरी इतके चोख जमले नसते. ते सूचनापत्र मीच टाइप केलं होतं.

समाजाच्या दुखण्यांचं खापर तरुणांवर फोडायची सवय जुनी आहे, अन्यायाची आहे, हे अनेकांनी म्हटलंय आणि ते खरंच आहे. मला ती खुपते ती दुसऱ्याच कारणासाठी. या सवयीमुळे हिशेब द्यायचा राहून जातो. वेळ कुणी ठरवली, नियम कुणी केला, पैसा कुठे गेला हे विचारायची पाळी आली की 'आजकालची मुलं' हा विषय निघतो आणि ज्यांनी ठरवलं ते निवांत सुटतात.

सवय किती जुनी, हे सांगायला बहुतेकांच्या ओठांवर सॉक्रेटिस असतो. आजच्या मुलांना चैन आवडते, ती मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, आईवडिलांना उलट उत्तरं देतात, असं तो अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणाला होता म्हणे. तो तसं म्हणाल्याचा काहीही पुरावा नाही. ही वाक्यं केनेथ जॉन फ्रीमन या केंब्रिजच्या अभ्यासकाच्या १९०७ मध्ये छापलेल्या प्रबंधातली आहेत. प्राचीन ग्रीसमध्ये मुलांबद्दल कोणत्या तक्रारी होत असत, याचा त्याने स्वतःच्या शब्दांत गोषवारा दिला होता. पुढे तो गोषवारा अवतरण झाला आणि सॉक्रेटिसच्या नावावर खपू लागला. खरंखुरं लिहून ठेवलं ते ॲरिस्टॉटलने. तरुण लगेच भडकतात, त्यांना सगळं कळतं असं वाटतं, हे त्याने नोंदवलं. पण त्याला लागूनच म्हाताऱ्यांबद्दलही लिहिलं: ते संशयी होतात, आशेपेक्षा आठवणींवर जगतात, आणि जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगत बसतात कारण आठवण्यात त्यांना सुख मिळतं. हा उतारा मात्र मला कुणी कधी मोबाइलवर पाठवलेला नाही.

आठवणींचा हा मुद्दा पुढे संशोधकांनीही तपासला. जॉन प्रॉट्झ्को आणि जोनाथन स्कूलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी ३,४५८ प्रौढ अमेरिकनांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. हल्लीच्या मुलांबद्दल वाईट मत तर सर्रास होतंच. पण ज्याच्या अंगात जो गुण जास्त, त्याला तोच गुण मुलांमध्ये कमी झालेला दिसत होता. अधिकाराचा मान ठेवणाऱ्यांना मुलं उद्धट वाटत होती, बुद्धिमान माणसांना मंद, आणि भरपूर वाचलेल्यांना मुलांचं वाचन संपल्यासारखं वाटत होतं. आपल्या लहानपणीची मुलं कशी होती याची नोंदवही कुणाकडेच नसते. मग आपण आजच्या स्वतःकडे पाहतो, 'आम्ही असे होतो' म्हणतो, आणि त्या 'आम्ही'त अख्खा वर्ग बसवतो.

हे वाचल्यावर मी माझा नववीचा वर्ग आठवून पाहिला. आम्ही पन्नासेक मुलं होतो. 'आमच्या वेळी सगळे वाचायचे' हे मी शंभरदा तरी म्हटलं असेल. वाचणारे नक्की कोण होते म्हणून नावं मोजायला घेतली तर तीन निघाली, त्यातलं एक माझं. बाकीची सत्तेचाळीस मुलं मधल्या सुट्टीत काय करत होती, ते मला आठवतच नाही. वाचनालयात आज जे ३७ लोक माझ्याबरोबर बसतात ते आपापल्या वर्गातले असेच तिघं-तिघं. वर्गातले उरलेले इथे कधी आलेच नाहीत, त्यामुळे आमच्या पिढीचा नमुना म्हणून आम्हीच उरलो.

२०२३ मध्ये ॲडम मास्ट्रोयानी आणि डॅनिएल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी याहून मोठा पसारा उलगडला. १९४९ पासूनची जनमत सर्वेक्षणं आणि ६० देशांतली उत्तरं त्यांनी एकत्र केली. नीतिमत्ता घसरली आहे, असं लोक सगळीकडे आणि दर दशकात सांगत आले होते. पण भोवतालची माणसं आज कशी वागतात, हा साधा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला गेला होता, त्याच्या उत्तरांत घसरण जवळपास दिसत नव्हती. आणखी एक गंमत त्यांना आढळली. जग बिघडायला कधी सुरुवात झाली, तर लोकांच्या मते त्यांच्या स्वतःच्या जन्मानंतर. त्याआधी सगळं ठीक चाललं होतं!

इथवर हे सगळं माणसाच्या स्वभावावर घालून हसून सोडता येईल. १९७० च्या दशकातल्या अमेरिकन तरुणांना 'मी-मी' करणारे म्हणून हिणवलं गेलं. १९७६ मध्ये त्या दशकाला 'मी दशक' असं नावच पडलं. २०१३ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर नव्या पिढीला 'मी मी मी पिढी' म्हटलं, आणि ते वाचून मान डोलावणाऱ्यांत बरेचजण त्या 'मी दशका'तलेच असणार. सासूने सुनेला छळावं आणि त्या सुनेने पुढे सासू व्हावं, तशातला हा प्रकार. पण असं मत ज्यांच्या हातात कायदा असतो त्यांच्या डोक्यात बसलं की हसण्यावारी नेता येत नाही.

१९९५ ची अमेरिका घ्या. प्रिन्स्टन विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक जॉन डिइलियो यांनी 'सुपरप्रिडेटर' हा शब्द चलनात आणला. निर्दय, पश्चात्ताप माहीत नसलेली, आईबापाच्या वळणाशिवाय वाढलेली पोरं लवकरच रस्त्यांवर उतरणार आहेत, असं भाकीत होतं. मुलांची लोकसंख्या वाढतेय, तेव्हा गुन्हेही वाढणार, असा त्रैराशिकाचा हिशेब होता. वर्तमानपत्रांनी तो उचलला, दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी उचलला. या शब्दासोबत वाचकांच्या डोळ्यांसमोर येणारा चेहरा बहुतेक वेळा कृष्णवर्णीय मुलाचा असे. नव्वदच्या दशकात बहुतेक राज्यांनी आपले कायदे बदलले आणि अल्पवयीन मुलांवर प्रौढांच्या न्यायालयात खटले चालवणं सोपं केलं.

भाकीत साफ खोटं ठरलं. हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना होणाऱ्या अटकेचं प्रमाण १९९४ मध्ये शिखरावर होतं. म्हणजे शब्द जन्मला तेव्हा उतार सुरू झालेला होता. २००४ पर्यंत ते प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. आपलं चुकलं, हे डिइलियो यांनी नंतर मान्य केलं. मुलांना सक्तीने पॅरोलविना (म्हणजे मुदतीआधी सुटकेची आशाच नसलेली) जन्मठेप देण्याविरुद्धचा एक खटला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा मुलांच्या बाजूने दिलेल्या निवेदनावर त्यांनी सहीही केली. त्या खटल्यातले दोन्ही आरोपी गुन्ह्याच्या वेळी १४ वर्षांचे होते. न्यायालयाने सक्तीची तरतूद रद्द केली. तोवर लहान वयातल्या गुन्ह्यासाठी पॅरोलविना जन्मठेप भोगणारे दोन हजारांहून अधिक लोक अमेरिकेच्या तुरुंगांत होते. सगळेच त्या एका शब्दामुळे आत गेले असं मी म्हणणार नाही. पण आजकालची मुलं राक्षस झाली आहेत, हे एकदा गृहीत धरलं की न्यायाधीशाला समोरचा मुलगा नीट पाहण्याची सवलतही कायदा ठेवत नाही, हे त्या दशकाने दाखवलं. प्राध्यापकांना चूक कबूल करायला पुढचं आयुष्य मिळालं, याचंही मला बरं वाटतं आणि रागही येतो.

तीच अमेरिका आणखी दोन आकड्यांसाठी. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे १९९१ मध्ये ६१.८ बाळंतपणं होत. २०२२ मध्ये १३.६. शाळकरी वयात सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण १९९७ मध्ये ३६.४ टक्के होतं, ते २०१९ मध्ये ६ टक्क्यांवर आलं. (ई-सिगारेटने त्यातली काही कमाई घालवली, हेही खरं.) ज्या ज्या गोष्टींवरून आधीच्या पिढ्यांनी कपाळाला हात लावला होता, त्यातल्या बऱ्याच या मुलांनी कमी केल्या. शाबासकी कुठे ऐकू आली का? उलट आता तक्रार अशी की मुलं बाहेरच पडत नाहीत, घरात खोलीचं दार लावून बसतात. बाहेर होती तेव्हा उनाड, घरात बसली तर एकलकोंडी.

कामाच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलो, ते सांगायला हवं. माझा भाचा २७ वर्षांचा आहे. चार वर्षांत त्याची तिसरी नोकरी. एकदा मी त्याला म्हणालो, "तुम्हा लोकांना एका जागी टिकायची सवयच नाही." तो वाद घालत बसला नाही. मोबाइलवर त्याने नेमणुकीचं पत्र उघडलं आणि चौथ्या कलमावर बोट ठेवून माझ्यासमोर धरलं. करार सहा महिन्यांचा. मुदत संपताच वेगळी सूचना न देता संपुष्टात येईल. "मामा, टिकायचं मला आहे हो," तो म्हणाला, "त्यांना विचारा." मी तेविसाव्या वर्षी एका मुलाखतीत कायम झालो होतो आणि त्याच टेबलाशी पस्तीस वर्षं काढली. ती मी माझी चिकाटी समजत होतो.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेचा असाच हिशेब मांडला. १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक तिशीत पोहोचेपर्यंत, महागाई वजा करूनही, आपल्या आईवडिलांपेक्षा जास्त कमावत होते. १९८० च्या दशकात जन्मलेल्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास आलं. मुलं आळशी निघाली म्हणून? त्यांच्या मांडणीत मोठं कारण वेगळं आहे: देशाच्या वाढीतला वाटा वरच्या मूठभरांकडे सरकत गेला. तो सरकवणारे करांचे, वेतनाचे, कामगार संघटनांचे निर्णय ज्या वर्षांत झाले, त्या वर्षांत ही मुलं पाळण्यात होती.

हवामानाचं तर विचारूच नका. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान समितीच्या (आयपीसीसी) अहवालानुसार १८५० ते २०१९ या काळात माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ५८ टक्के १९९० च्या आधीच सोडून झाला होता. २००० साली जन्मलेल्या मुलीचा त्यात एक श्वासही नाही. आणि तिने पुढे काही ठरवायचं म्हटलं तर कुठे ठरवणार? जगातली जवळपास निम्मी माणसं तिशीच्या आतली आहेत. जगभरच्या संसदांत त्या वयाचे सदस्य तीन टक्केही नाहीत. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने २०२१ मध्ये या विषयाला हात घातला. तिथल्या हवामान कायद्याने कार्बन कपातीचा जड भाग २०३० नंतरच्या वर्षांवर ढकलला होता. न्यायालय म्हणालं, आज हात सैल सोडून उद्याच्या लोकांचं स्वातंत्र्य आवळता येणार नाही, कायदा दुरुस्त करा. एवढ्या सरळ शब्दांत हिशेब मागितलेला मी क्वचित पाहिला आहे.

आता मोबाइल. या एका तक्रारीत दम आहे आणि ती झटकून टाकणाऱ्यांपैकी मी नाही. मुलांची झोप, त्यांचं लक्ष, मैत्रीतला मत्सर, यावर त्या पडद्याचा परिणाम होतो की नाही हे पाहायला मला शोधनिबंधांची गरज वाटत नाही, माझं स्वतःचं रात्रीचं वाचन त्याने खाल्लं आहे. पण ते यंत्र नऊ वर्षांच्या मुलाने बनवलं नाही, विकलं नाही, आणि बहुतेक घरांत विकतही घेतलं नाही. एक चित्रफीत संपायच्या आत दुसरी सुरू व्हावी, हे कुठल्या तरी कार्यालयात मोठ्या पगाराच्या माणसांनी ठरवलं. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांची खाती बंद करणारा कायदा २०२४ मध्ये केला आणि डिसेंबर २०२५ पासून तो लागू केला. तो चालेल की मुलं पळवाटा काढतील, यावर भरपूर वाद आहे. मला त्यातलं एकच कलम आवडलं. कायदा मोडल्यास मुलाला शिक्षा नाही, पालकांनाही नाही. दंड कंपनीला, आणि तोही ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. ठरवलं ज्याने, भरायचं त्याने.

मग तरुणांचं काहीच चुकत नाही का? चुकतं. बऱ्याच देशांत ते मतदानाला कमी जातात, आणि जे जात नाहीत त्यांचा विचार धोरण करताना कुणी करत नाही. कधी कधी तेही आमचंच हत्यार उलटं फिरवतात. २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेत २५ वर्षांच्या खासदार क्लोई स्वारब्रिक हवामानावर बोलत असताना कुणीतरी मध्येच टोकलं, आणि त्या "ओके बूमर" म्हणून पुढे बोलत राहिल्या (बूमर म्हणजे वयस्कर पिढीला हिणवायचा शब्द). जगभर तो शब्द गाजला. टोकणाऱ्या खासदाराला तो चपखल लागला, यात शंका नाही. पण पुढे तो दिसेल त्या पिकल्या केसावर फेकला जाऊ लागला. सत्तरीत पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या माणसाने कुठल्या हवामान परिषदेत कसला करार अडवला होता? पिढी हा शब्द फार मोठा खटारा आहे. त्यात कारखानदार आणि कामगार, मंत्री आणि मतदार एकाच बाकावर बसतात, आणि जन्मसाल सारखं म्हणून त्यांची जबाबदारीही सारखी धरली जाते. आम्ही तरुणांबद्दल करतो ती चूक हीच आहे, फक्त उलट्या टोकाने.

तर त्या सूचनापत्राकडे परत. यंदा मी हट्ट धरला. सभा रविवारी संध्याकाळी सहाला ठेवली, सूचना दारावर डकवण्याबरोबर मोबाइलवरही पाठवली. शिफारशीची अट काढायचा माझा ठराव तीन मतांनी पडला, ती अट अजून आहे. रविवारी शिपायाला जादा पैसे द्यावे लागतील म्हणून दोघांनी लेखी विरोध नोंदवला.

तिशीच्या आतले सहाजण आले. मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, कारण खुर्च्या नेहमीइतक्याच मांडल्या होत्या. इतिवृत्त मंजूर झालं, जमाखर्चाला अनुमोदन मिळणार तेवढ्यात एक मुलगी पुढे आली. बाविशीची असेल. जमाखर्चाची प्रत तिने खरंच वाचलेली होती, समासात पेन्सिलीने खुणा होत्या. इमारत निधी अकरा वर्षं मुदत ठेवीत पडून आहे, तो कशासाठी राखलाय? वाचनकक्षातले पाच दिवे बंद आहेत, ते का बदलले नाहीत? आणि पुस्तक खरेदीपेक्षा स्मरणिकेच्या छपाईवर जास्त खर्च झालाय, हा ठराव कोणत्या सभेत झाला?

खजिनदारांनी कागद चाळले. अध्यक्ष म्हणाले, माहिती घेऊन कळवू. ती म्हणाली, "कधीपर्यंत?" आणि उभीच राहिली. सभागृहात बराच वेळ कुणी खाकरलं नाही.

दिवे मालवताना आमचे एक ज्येष्ठ सभासद माझ्याजवळ आले. दरवर्षी तरुणांचा विषय काढतात तेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहिलंत? मोठ्यांशी बोलायची रीतच राहिली नाही या पोरांत."

इतिवृत्तात तिचे तिन्ही प्रश्न मी घेतले आहेत. उत्तरं अजून आलेली नाहीत.